आजोबांची खाज आणि मुरुमाचा ढीग

दर पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक ओळखीचा चेहरा येतो. माणूस दरवेळी निराळा असतो, चेहरा मात्र तोच: पापण्या सुजलेल्या, कपाळ आणि मानेची त्वचा काळवंडून जाड झालेली, कोपरांच्या खोबणीत ओरखडे. गेल्या वर्षी हेमलकसाजवळच्या एका टोल्यावरून आलेले सत्तरीचे आजोबा असेच होते. सोबतच्या सुनेने पिशवीतून मलमाच्या चार रिकाम्या नळ्या काढून टेबलावर ठेवल्या. ‘‘लावलं की पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. रात्रभर यांना झोप नाही, डॉक्टर.’’

चारही नळ्यांत स्टेरॉइड होते. हे औषध वाईट नाही. मीही ते देतो. परंतु दुकानातून परस्पर आणून पापण्यांवर महिनोन्महिने चोळल्यास मोतीबिंदू, काचबिंदू होऊ शकतो. गोळ्या किंवा इंजेक्शने मनाने घेतल्यास मधुमेही वृद्धाची साखर भडकते. आजोबांना मधुमेह होताच.

हा त्रास होता गाजर गवताचा. आपण त्याला काँग्रेस गवतही म्हणता. मूळचे अमेरिका खंडातले हे तण भारतात १९५५ साली पुण्यात प्रथम नोंदले गेले. आयात गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य काही लोकांच्या त्वचेला सोसत नाही. झाडाला हात लागायलाच हवा असे नाही. वाळलेल्या पानांची भुकटी वाऱ्याने उडून अंगाच्या उघड्या भागावर बसली तरी पुरते. पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, त्यामुळे कारण लक्षातच येत नाही. अर्थात प्रत्येक खाज गाजर गवताची नसते. शंका असल्यास त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून चाचणी करतात.

आजोबांचे अंगण शेणाने सारवलेले, लख्ख. गवत होते रस्त्याच्या कामातून उरलेल्या मुरुमाच्या ढिगावर आणि तिथून विहिरीपर्यंत. बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात या भागाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटत असे. आता रस्ते झाले. रुग्ण वेळेत पोहोचतो, याचे मोल मी जाणतो. पण मुरूम, गिट्टी आणि गाड्यांची चाके यांबरोबर या तणाच्या बियाही येतात. एकेक झाड हजारो बिया टाकते. ढीग कोणाच्याच मालकीचा नसल्याने तो उपसण्याचे कामही कोणाचेच नव्हते.

अशा वेळी मला गोंदिया-भंडाऱ्याचे मामा तलाव आठवतात. मनीष राजनकर यांच्यासारखे अभ्यासक आणि तेथील ढिवर समाज यांनी मिळून, विशेषतः स्त्रियांनी, उन्हाळ्यात आटलेल्या तलावांतून बेशरम उपटून काढली आणि त्या जागी स्थानिक पाणवनस्पती लावल्या. नुसते उपटून ते थांबले नाहीत, हे मला महत्त्वाचे वाटते. रिकाम्या जागेत तण पुन्हा शिरतेच.

सुनेने हा विषय गोटुलात काढला. पहिल्या पावसानंतर माती ओली असताना, फूल येण्यापूर्वी, प्रत्येक घरातून एक माणूस आला. हातांत मोजे, ज्यांना मोजे मिळाले नाहीत त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. अंगभर कपडे, तोंडाला फडके. रोपे मुळासकट निघाली. फुलोरा नसलेले गवत खड्ड्यात टाकून खत करता येते. फुलावर आलेले मात्र त्या खड्ड्यात टाकू नये, बी शेतात जाते. मोकळ्या जागेत तरोट्याचे बी फेकले. तरोटा गाजर गवताला दाबतो आणि कोवळा असताना त्याची भाजीही होते.

घरातील वृद्धाला या कामाला नेऊ नका. ‘मी आयुष्यभर शेती केली’ म्हणत ते निघतीलच. आमचे आजोबाही निघाले होते. ज्याला ॲलर्जी आहे, दमा आहे, त्याने त्या दिवशी तिकडे फिरकूही नये. काम करून आलेल्यांनी आधी आंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत, मगच आजोबांच्या खाटेजवळ जावे. त्यांचे पांघरूण कुंपणावरच्या गवतावर वाळत घालण्याची सवयही मोडावी.

यंदा आजोबा जुलैअखेर आले. मानेवर थोडे पुरळ होते, पापण्या स्वच्छ. औषध चालू आहे, मात्रा कमी केली. ढिगावर पुन्हा कोंब आलेत, असे सून म्हणाली. जमिनीतले बी काही वर्षे तग धरते. सोळा ते बावीस ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह देशभर पाळतात, पण आपल्याकडे तोवर फूल आलेले असते. तिने पुढची खेप पोळ्याची वाट न पाहता येत्या रविवारीच ठरवली आहे.