श्वास सोडायचा कुठे?

१३ एप्रिल १९७० ची रात्र. ‘अपोलो-१३’ हे अमेरिकन अंतराळयान चंद्राच्या वाटेवर होते. पृथ्वी सुमारे ३,२०,००० किलोमीटर मागे राहिली होती. एवढ्यात मोठा आवाज झाला आणि यान हादरले. प्राणवायूची एक टाकी फुटली होती. दुसरीतूनही प्राणवायू गळू लागला. जेम्स लव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेझ हे तिघे अंतराळवीर मुख्य यान सोडून ‘ॲक्वेरियस’मध्ये आले. चंद्रावर उतरण्यासाठी बरोबर नेलेले हे छोटे यान दोन माणसांना दोनेक दिवस पुरेल असे बनवले होते. आता त्यात तिघांना चार दिवस काढायचे होते!

तुम्हांला वाटेल, प्राणवायू संपण्याचीच मोठी भीती असणार. पण तसे नव्हते. ॲक्वेरियसमध्ये प्राणवायू पुरेसा होता. खरे संकट होते ते त्यांनी सोडलेल्या श्वासाचे.

असे का? थोडा हिशेब करू. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो आणि तो जवळजवळ एक किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. म्हणजे पाचशे लिटरहून अधिक वायू झाला! आपल्या घराला खिडक्या असतात, बाहेर झाडे असतात. बंद यानात मात्र हा वायू साठतच जातो. त्याचे प्रमाण वाढले, की आधी डोके दुखते, मग गुंगी येते आणि शेवटी शुद्ध हरपते. भोवती प्राणवायू भरपूर असला, तरी हे टळत नाही.

मग हा वायू काढायचा कसा? याचे उत्तर तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतच आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातली, की निवळी दुधाळ होते. फुंकरीतला कार्बन डाय-ऑक्साइड चुन्याशी संयोग पावतो आणि अडकून पडतो. चुन्याच्या जागी लिथियम हायड्रॉक्साइड घेतले, तरी असेच घडते. मात्र एक किलोग्रॅम वायू अडकवायला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सुमारे १.७ किलोग्रॅम लागतो. लिथियम हायड्रॉक्साइड १.१ किलोग्रॅमच पुरते. यानात वजन फार महत्त्वाचे, म्हणून लिथियमची निवड झाली. त्याच्या डब्यांतून पंख्याने हवा खेळवत ठेवली, की ती शुद्ध होते.

ॲक्वेरियसचे डबे अपुरे पडणार होते. मुख्य यानात जादा डबे होते. पण ते चौकोनी, तर ॲक्वेरियसमधले गोल! चौकोनी डबा गोल जागी बसणार कसा? पृथ्वीवरच्या तंत्रज्ञांनी यानात असलेल्याच वस्तू घेऊन खटपट सुरू केली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, वहीचा पुठ्ठा, अंतराळ-पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी, एवढ्यावर जोडणी तयार झाली. तिची कृती रेडिओवरून पायरीपायरीने सांगितली गेली. अंतराळवीरांनी ती हुबेहूब करून बसवली आणि हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड झपाट्याने उतरला. १७ एप्रिलला तिघेही पॅसिफिक महासागरात सुखरूप उतरले.

पण हे डबे एकदाच उपयोगी पडतात. सहा जणांना सहा महिने राहायचे, तर सुमारे १,२०० किलोग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड लागेल! आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात तर २००० सालच्या नोव्हेंबरपासून माणसे सतत राहत आली आहेत. तिथे झिओलाइट नावाचे सच्छिद्र खनिज वापरतात. त्याच्या बारीक छिद्रांत कार्बन डाय-ऑक्साइड धरला जातो. ती भरली, की झिओलाइट तापवून बाहेरच्या निर्वात पोकळीशी जोडायचे. वायू सुटून जातो आणि झिओलाइट पुन्हा कामाला तयार!

प्राणवायू मिळवण्यासाठी पाण्यातून वीज सोडतात. पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि प्राणवायू वेगळे होतात. एका माणसाच्या दिवसभराच्या श्वासाला एक लिटरहूनही कमी पाणी पुरते. उरलेला हायड्रोजनही वाया घालवायचा नाही, म्हणून २०१० साली स्थानकावर आणखी एक यंत्र बसवले गेले. त्यात हायड्रोजन आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांचा संयोग घडवला, की पाणी आणि मिथेन तयार होतात. ही क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या नावाने ओळखली जाते.

म्हणजे सोडलेल्या श्वासाचे पाणी आणि त्या पाण्याचा पुन्हा प्राणवायू! पण हे चक्र पुरे होत नाही. श्वासातला सगळा कार्बन डाय-ऑक्साइड वापरायचा, तर विघटनातून मिळतो त्याच्या सुमारे पावणेदोन पट हायड्रोजन हवा. शिवाय मिथेनबरोबर हायड्रोजनही बाहेर जातो. ही तूट भरायला पृथ्वीवरून पाणी न्यावेच लागते.

मंगळाच्या लांबच्या प्रवासात हे कसे जमणार? जाता-येता आणि तिथे राहण्यात मिळून दोन वर्षांहून अधिक काळ जाईल आणि वाटेत पाणी पोचवणारे कोणी नसेल. हे कोडे अजून पुरते सुटलेले नाही. पुढच्या वेळी निवळीत फुंकर घालाल, तेव्हा त्यावर जरूर विचार करा!