राइड पार्कची, कमाई कुणाची?

कॉलेजच्या ग्रुपवर ‘रविवारी इमॅजिका?’ असा मेसेज पडला की पहिली चर्चा तिकिटाची, दुसरी गाडीची आणि तिसरी ‘नायट्रो’त बसायला कोण घाबरणार याची. खोपोलीचं नाव मात्र क्वचितच निघतं. खरं तर पार्क आहे खोपोली-पाली रस्त्यावर, रायगडच्या खालापूर तालुक्यात. मग आपण तिथे उडवलेले पैसे तिथल्या लोकांपर्यंत पोचतात का?

मनमोहन शेट्टींनी उभारलेलं हे पार्क एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं. पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं, २०१५ मध्ये मोठं हॉटेलही. जागा निवडण्यामागचं गणित सरळ होतं. एक्स्प्रेसवेमुळे पुणेकर आणि मुंबईकर दोघंही सकाळी निघून रात्री घरी परतू शकतात. पण गावाची अडचणही हीच! नाश्ता फूड मॉलवर, जेवण पार्कमध्ये, मुक्काम नाहीच. बस पार्किंगमधून निघते ती थेट पुण्यात.

वॉल्ट डिस्नेला हे गणित उलट बाजूने कळलं होतं. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झालं आणि बाहेर इतरांची हॉटेलं दाटीवाटीने उभी राहिली. पर्यटकांचा बराच पैसा तिकडे गेला. म्हणून फ्लोरिडात त्याने गुपचूप, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली. १९७१ मध्ये तिथलं पार्क उघडलं तेव्हा हॉटेलंही डिस्नेचीच होती. थोडक्यात, कुंपण कुठे घातलं यावर पैसा कुणाच्या खिशात जाणार ते ठरतं.

कुंपणाच्या आतून बाहेर येतो तो पगार. राइड चालवणारे, इलेक्ट्रिशियन, फिटर, जीवरक्षक, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक अशी किती तरी माणसं लागतात. आयटीआय केलेल्या पोराला घराजवळ जॉब मिळणं ही छोटी गोष्ट नाही. पण सगळी भिस्त एकाच गेटवर असली तर धोकाही असतो. इमॅजिकावर कर्जाचा डोंगर झाला, २०२० मध्ये कोरोनाने गेटच बंद केलं. शेवटी २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनी ताब्यात घेतली. मालक बदलू शकतो, पण मधल्या काळात थांबलेला पगार कोण भरून देणार?

याच परिसरात अष्टविनायकांपैकी दोन आहेत, महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. तिथे कुंपण नाही. देवळाबाहेर हार-पेढ्यांची दुकानं, खानावळी, राहायच्या खोल्या. भाविकाचे शंभर रुपये दहा घरांत वाटले जातात. पार्कची गर्दी आणि पालीची ही रीत जोडली गेली, तर तालुक्याचं चित्र बदलेल. सरकारने त्यासाठी रस्ते, बस, घरगुती मुक्कामाची सोय बघावी. आपल्या हातात एवढंच आहे: पुढचा प्लॅन एका दिवसाऐवजी दोन दिवसांचा करायचा आणि रात्रीचं जेवण गावातल्या खानावळीत घ्यायचं.