रुग्णवाहिकेची गाडी उंच करण्यापूर्वीं

जुन्या रुग्णवाहिका वेळोवेळीं विक्रीस निघतात, आणि तशी एखादी गाडी घेऊन ती शेतीच्या कामीं लावावी असा विचार पुष्कळ बागाईतदारांच्या व शेतकरी-गटांच्या मनांत येतो. विचार वाईट नाहीं. गाडीचें छत उंच असतें, मागील दारें रुंद उघडतात, तळ सपाट व धुण्याजोगा असतो. बीं-भरण, फवारणीचीं यंत्रें, पंपाचे सुटे भाग व चार माणसें तींत सुखानें मावतात. शिवाय वाडीवर रात्रीं कोणास सर्पदंश झाला अथवा एखादी बाई अडली, तर निजवून नेण्याची सोय हाताशीं राहते. अडचण एवढीच कीं, ही गाडी डांबरी सडकेसाठीं केलेली असते. आणि मावळ, अकोले, पेठ-सुरगाणा, जव्हार-मोखाडा किंवा मेळघाट ह्या भागांतील वाडीवस्तीच्या वाटा म्हणजे बहुधा दोन चाकोऱ्या, त्यांमधील उंचवटा, आणि दर अर्ध्या मैलावर एक ओहोळ.

अशी गाडी मिस्त्रीकडे नेली म्हणजे बहुधा एकच उत्तर मिळतें : “चार इंच उचलून देतों, मग कोठेंहि घाला.” ह्या चार इंचांनीं मिळतें काय आणि जातें काय, ह्याचा हिशेब येथें मांडावयाचा आहे. गाडींत माणसें बसणार, कदाचित् आजारी माणूसहि निजणार. तेव्हां हा हिशेब घाटांत उतरण्याआधीं झालेला बरा.

प्रथम आपली बैलगाडी पाहूं. तिला कमानी नसतात, तरी जेथें मोटार अडते तेथून ती निघून जाते. ह्याचें कारण तिचें चाक. चार-साडेचार फुटांचें चाक लहानशा खड्ड्यांत उतरतच नाहीं. तें खड्ड्याच्या दोन्ही कडांवरून जातें. शिवाय एवढ्या चाकाचा तुंबा, आणि त्याबरोबर आंस, जमिनीपासून दोन फूट वर असतो. मोटारीचें चाक सुमारें सव्वादोन फुटांचें, म्हणून तिचा आंस फूटसवाफुटावरच राहतो. आणि मागील आंसाच्या मधोमध डिफरन्शियलचा जो गोळा असतो तो त्याहूनहि खालीं लोंबतो. चाकोरींतील उंचवट्यावर घासतो तो हाच गोळा.

मुख्य गोष्ट येथेंच आहे. कमानींवर गाडी कितीहि उचलली, तरी हा गोळा एक सूतभरहि वर येत नाहीं. कमान आंसावर बसते आणि गाडीचा सांगाडा कमानीवर बसतो. म्हणून उचलला जातो तो सांगाडा, आंस नव्हे. आंस वर यावयाचा तर टायरच मोठें पाहिजे, आणि तेंहि व्यास जितका वाढेल त्याच्या निम्म्यानेंच वर येतें. उदाहरणार्थ, २१५/७५ आर १५ ह्या मापाचें टायर सुमारें ७०३ मिलिमीटर उंच भरतें. २३५/७५ आर १५ हें सुमारें ७३३ भरतें. फरक तीस मिलिमीटरांचा, आणि गोळा वर आला पंधरा, म्हणजे अर्ध्या इंचाहून किंचित् अधिक. एवढ्यासाठीं गाडीचा वेगमापक शेंकडा चारांनीं कमी दाखवूं लागतो, चढावर गिअर जड पडतो, ब्रेकला अधिक जोर लागतो, आणि चाक पुरतें वळवलें असतां टायर मडगार्डास घासतें किंवा नाहीं हेंहि पाहावें लागतें. तेव्हां उंचवट्याच्या वाटेवर खरा उपाय बहुतेक वेळां कुदळ-फावड्याचाच असतो. गटांतील दहा माणसांनीं दोन दिवस खपून तो उंचवटा उतरवला, तर मिस्त्रीच्या चार इंचांहून अधिक लाभ होतो.

पहिल्या महायुद्धांत फ्रान्सच्या बाजूनें काम करणाऱ्या एका अमेरिकन स्वयंसेवक पथकानें १९१५ सालीं व्होज पर्वतांत फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या रुग्णवाहिका म्हणून नेल्या. त्या अरुंद डोंगरवाटांवरून तोंवर जखमी माणसें खेंचरांवरून उतरवीत असत. त्या गाड्यांचें चाक तीस इंचांचें, बांधा हलका, आणि वर लांकूड व कॅनव्हासाचें साधें छप्पर. गाडी रुतली तर चार माणसें ती उचलून बाजूस करीत. म्हणजे तेथें काम भागलें तें हलकेपणावर व मोठ्या चाकावर. आजची रुग्णवाहिका नेमकी ह्याच्या उलट असते : जड, उंच, आणि चाकांनीं लहान.

आतां उंचीचें मोल पाहूं. कडब्यानें भरलेली गाडी आणि ज्वारीच्या पोत्यांनीं भरलेली गाडी ह्यांत पोत्यांची गाडी जड असते, पण उतारावर आडवी होते ती कडब्याची, हें कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको. कडब्याचा भार उंचावर असतो. गाडीच्या सर्व भाराचा मध्य, ज्यास गुरुत्वमध्य म्हणतात, जितका वर तितकी गाडी लवकर कलंडते. समजा, दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतर पांच फूट आहे व गुरुत्वमध्य जमिनीपासून तीन फुटांवर आहे. ताठ गाडी सुमारें चाळीस अंशांच्या बाजूच्या उतारावर कलंडेल. तीच चार इंच उचलली तर सदतीस अंशांवर कलंडेल. तीन अंश थोडे वाटतात. परंतु हा हिशेब कमानी न दबणाऱ्या, उभ्या गाडीचा आहे. चालत्या गाडींत वळणावर बाहेरची कमान दबते, भार त्या बाजूस झुकतो, एक चाक खड्ड्यांत जातें, आणि हिशेबांतील चाळीस अंश प्रत्यक्षांत त्याहून फार कमी उरतात. त्यांतून आणखी तीन गेले कीं शिल्लक थोडीच राहते. रुग्णवाहिकेस मुळांतच उंच छत, छतावर यंत्र व भिंतींवर कपाटें असतात; ती अगोदरच अर्धी कडब्याची गाडी आहे.

म्हणून माझ्या मतें कामाचा क्रम असा असावा. आधीं आंतील रूपांतर पुरें करावें. स्ट्रेचरचा सांगाडा, प्राणवायूचीं नळकांडीं, वरचीं कपाटें, छतावरील वातानुकूलनाचें यंत्र, जें नको असेल तें काढावें. जें नवें बसवावयाचें, विशेषतः पाण्याची टांकी, तें तळाशीं व दोन आंसांच्या मधें बसवावें. एक मनुष्य निजेल असा एक बांक मात्र ठेवावा. मग नेहमींचा भार व माणसें घालून गाडी जवळच्या साखर कारखान्याच्या काट्यावर न्यावी, आणि पुढचीं चाकें व मागचीं चाकें ह्यांचें वजन वेगळें करून घ्यावें. हें वजन हातीं येईपर्यंत कमानीस हात लावूं नये. मोठ्या भारासाठीं केलेले पाटे हलक्या गाडीखालीं ताठ राहतात व दाणदाण आदळतात. आणि आदळणाऱ्या गाडींत आजारी माणसाचे हाल कुत्रा खात नाहीं.

त्यानंतर सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही ठिकाणीं आंसापासून सांगाड्यापर्यंतचें अंतर मोजावें, व तें त्या गाडीच्या मूळ मापाशीं ताडून पाहावें. वर्षानुवर्षें एकसारखा भार वाहिलेल्या गाडीचे पाटे बसलेले असतात. पुष्कळदां एक बाजू दुसरीपेक्षां अधिक बसलेली सांपडते. इंच-दीड इंच उंची येथेंच हरवलेली असते, आणि ती परत मिळवणें म्हणजे गाडी उंच करणें नव्हे, तर ती पूर्ववत् करणें होय. ह्यास नवे पाटे घालणें उत्तम. जुनेच घ्यावयाचे तर कमान-पाट्याचें काम जाणणाऱ्या कारागिराकडून ते थंड ठोकून कमान द्यावी. गॅसच्या ज्योतीनें तापवून वांकवूं देऊं नये; पाट्याचें पाणी उतरतें, आणि तो एक तर पुन्हां बसतो किंवा तुटतो.

एवढें करूनहि उंची कमी पडली तर पुढील उपाय राहतात. जादा पाटा घालणें हा सर्वांत प्रचारांतला. सारख्या सहा पाट्यांत सातवा घातला कीं कमान सुमारें एक-षष्ठांशानें ताठ होते. पाटा जाड असेल तर अधिकच, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. भारी गाडीस हें ठीक, हलकीस नव्हे. दुसरा उपाय लांब शॅकलचा. शॅकल कमानीच्या एकाच टोंकास असतें, म्हणून तें दोन इंच लांबवलें तर गाडी एकच इंच उठते. पुढील कमानीस हें करूं नये, कारण तेथें किंगपिनचा कल बदलतो आणि स्टिअरिंगची वागणूक बिघडते. तिसरा उपाय आंस व कमान ह्यांच्या मधें ठोकळा घालून लांब यू-बोल्ट आवळण्याचा. हा मागील आंसासच, आणि तोहि कमान आंसाच्या वर बसत असेल तेथेंच. ठोकळा पोलादी व अखंड असावा. लांकडाचा नसावा, व एकावर एक दोन तर कधींच नसावे. पुढच्या आंसाखालीं ठोकळा घालूं म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून गाडी परत आणावी. ब्रेक लागतांना आंस पिळवटतो, ठोकळा त्या पिळास लांब तरफ देतो, आणि चाकें वळवण्याचें कामहि त्याच आंसाकडे असतें. ह्या सर्वांत मिळून दोन इंचांपलीकडे जाण्याचें कारण शेतीच्या गाडीस मला दिसत नाहीं.

एक उंची मात्र फुकट मिळते. रुग्णवाहिकेच्या मागें चढण्यासाठीं पायरी असते. मागील चाकांच्या पलीकडे गाडी बरीच लांब असल्यामुळें ओहोळांतून वर निघतांना हीच पायरी प्रथम जमिनीस टेकते. मागील चाकापासून चार फुटांवर, जमिनीपासून चौदा इंचांवर पायरी असेल, तर सोळा अंशांच्या चढावर ती घासूं लागते. ती काढून तेथील तळ अठरा इंचांवर आला, तर वीस अंशांपर्यंत गाडी मोकळी निघते. सुटी, अडकवतां येणारी पायरी लोहार एका दिवसांत करून देतो. म्हाताऱ्या माणसांस व रोग्यास चढवतांना ती लागतेच, आणि गाडी उचलली असेल तर अधिकच लागते.

उचललेल्या गाडींत सांगाडा व आंस ह्यांना जोडणारी प्रत्येक वस्तु ताणली जाते, आणि मिस्त्री घाईंत विसरतात तें हेंच. ब्रेकच्या रबरी नळ्या, आंस पुरता खालीं लोंबला असतां, सैल राहिल्या पाहिजेत. शॉकप आंखूड पडला तर खड्ड्यांत आंसाचा सगळा हिसका त्याच्यावर येतो व तो उखडतो. प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. गाडी थरथरूं लागली तर क्रॉस लवकर जातील असें समजावें. सर्वांत धोक्याची गोष्ट निराळीच आहे. पुष्कळ गाड्यांत मागील आंसास एका दांडीनें जोडलेली ब्रेकची झडप असते. भार वाढून गाडी बसली म्हणजे ती मागच्या ब्रेकला अधिक दाब सोडते, आणि गाडी उठली म्हणजे कमी. उचललेली गाडी ह्या झडपेस सदैव रिकामी वाटते. म्हणून भरल्या गाडीनें घाट उतरतांना मागचे ब्रेक अर्धवटच लागतात. उंची बदलली कीं ही झडप पुन्हां बसवून घ्यावी. हें येत नसेल त्या कारखान्यांत गाडी उचलूं देऊं नये.

आतां कागदपत्र, आमचें आयुष्य कचेरींत गेल्यामुळें ह्याकडे दृष्टि आधीं जाते. सरकारी, नगरपालिका किंवा महामंडळाच्या मालकीच्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षें होतांच संपते, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आहे. अशी गाडी मोडींतच जावयाची. ती चालती म्हणून कोणी स्वस्तांत देऊं लागला तर घेऊं नये. इतर गाडीचा वर्ग रुग्णवाहिका असा नोंदलेला असतो, तो परिवहन कचेरींतून बदलून घ्यावा; भोंगा व वरचा दिवा काढून टाकावा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ अन्वयें नोंदींतील तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकास आपल्या मतानें करतां येत नाहीं, आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अशा प्रत्येक बदलामागें पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. म्हणून बसलेले पाटे मूळ मापाचे घालणें ही दुरुस्ती, आणि ठोकळे घालून गाडी उंच करणें हा बदल, हा भेद ध्यानांत ठेवून कचेरींत आधीं विचारावें व विमा कंपनीस लेखी कळवावें. उत्तर लेखीच घ्यावें. अपघातानंतर तोंडी उत्तराची नक्कल मिळत नाहीं.

काम झाल्यावर गाडी नेहमींच्या भारानें भरून प्रथम मोकळ्या शेतांत सावकाश चालवावी, दोन्ही बाजूंस पुरतें स्टिअरिंग वळवून टायर कोठें घासतें काय तें पाहावें, आणि उतारावर ब्रेक लावून गाडी सरळ थांबते याची खात्री करावी. दिव्यांचा झोत उंचावलेला असतो, तो भिंतीसमोर उभें राहून खालीं आणावा. यू-बोल्ट नवे घातलेले असावेत, जुने पुन्हां वापरूं नयेत. पहिले शंभर किलोमीटर झाले कीं त्यांचे नट पुन्हां आवळावेत, आणि पहिल्या पावसाळ्यांत दर महिन्यास एकदां गाडीखालीं शिरून सेंटर-बोल्ट व पाट्यांच्या कडा कंदिलानें अथवा विजेरीनें तपासाव्यात.