आधी पंप मोजा, मग पुली निवडा

शेवरलेटचा 1967 ते 1972 या काळातला सी-10 पिकअप ट्रक अमेरिकेत आजही हौसेनं नव्यानं उभा केला जातो. रंग, चाकं, गाद्या यांवर मालक महिनोन्‌महिने खल करतात. इंजिनाच्या तोंडावरच्या पुल्या मात्र मिळतील तशा जमवल्या जातात. पाण्याचा पंप, पंखा, अल्टरनेटर आणि पॉवर स्टिअरिंग या सगळ्यांना फिरवणारी ताकद क्रँकच्या पुलीतून येते. त्यामुळे हा सगळा संच एकत्रच निवडला पाहिजे.

सुरुवात पंपापासून करावी. शेवरलेटचं ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-8 इंजिन 1955 मध्ये आलं, तेव्हा त्यावर आखूड पंप असे. ब्लॉकपासून पंपाच्या हबच्या तोंडापर्यंतचं अंतर सुमारे 143 मिलिमीटर. 1969 पासून कंपनीच्या बहुतेक मोटारींत लांब पंप आला आणि हे अंतर सुमारे 176 मिलिमीटर झालं. दोन्ही पंप एकाच ब्लॉकवर बसतात आणि घोळ नेमका इथेच होतो. पंप लांब आणि क्रँकची पुली आखूड पंपाची असली, तर दोन्ही एका रेषेत येत नाहीत. शिवाय 1969 च्या आधीच्या सिलिंडर हेडच्या टोकांना ब्रॅकेट बसवण्याची आट्यांची भोकं नसतात. जुन्या ट्रकचं इंजिन मधल्या काळात बदललेलं असू शकतं, म्हणून गाडीचं साल पाहून भाग मागवू नयेत; पट्टी लावून मोजावं. लांब पंपामुळे पंखा रेडिएटरच्या जवळ सरकतो, तेही आधीच तपासावं.

पुढचा प्रश्न व्यासाचा. क्रँकची पुली 180 मिलिमीटर आणि अल्टरनेटरची 60 असेल, तर इंजिनाच्या एका फेऱ्यात अल्टरनेटर तीन फेरे घेतो. इंजिन जागेवर मिनिटाला 700 फेऱ्यांनी चालत असताना त्याला 2,100 मिळतात आणि दिवे मंद होत नाहीत. 5,000 ला मात्र तो 15,000 वर जातो. शर्यतीसाठी क्रँकची छोटी पुली विकली जाते. ती थोडी ताकद वाचवते, पण सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकचा पंप आणि अल्टरनेटर दोन्ही मंदावतात. रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला ती घेऊ नये.

आता बेल्ट. जुना व्ही-बेल्ट पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो आणि दोन्ही बाजूंनी पकड घेतो. खाचेचा तळ चकचकीत दिसला, तर बेल्ट किंवा पुली झिजून बेल्ट खाली टेकतोय असं समजावं. 1979 च्या फोर्ड मस्टँगपासून एकच लांब, चपटा, अनेक धारांचा सर्पिल बेल्ट रुळत गेला. त्यावर 6पीके2100 असं लिहिलेलं असेल, तर धारा सहा आणि लांबी 2,100 मिलिमीटर.

सर्पिल बेल्टचा मार्ग आखताना तीन गोष्टी पाहाव्यात. क्रँक आणि अल्टरनेटरच्या पुलीला बेल्टनं भरपूर वेढा द्यावा. वेढा अपुरा पडला की बेल्ट घसरतो आणि किंचाळतो. ताण देणारी स्प्रिंगची पुली बेल्टच्या ढिल्या बाजूला, म्हणजे क्रँकवरून सुटून तो पुढे जातो तिथे बसवावी. आणि बेल्ट पंपावरून पाठीनं जात असेल, तर पंप उलटा फिरतो. अशा वेळी उलट्या फिरकीचाच पंप आणि त्याच फिरकीचा पंखा हवा. नेहमीचा पंप लावला तर पाणी पुरेसं खेळत नाही आणि इंजिन तापतं.

सी-10 मध्ये एलएस मालिकेचं नवं इंजिन बसवणाऱ्यांनी अधिक जपावं. शेवरलेटच्याच कॉर्व्हेट मोटारीच्या मानानं कॅमॅरो मोटारीची बेल्टची रेषा सुमारे 19 मिलिमीटर पुढे असते आणि ट्रकच्या इंजिनाची सुमारे 38. या तिघांचे भाग एकमेकांत मिसळत नाहीत. खाली बसवलेला एसीचा कंप्रेसर सी-10 च्या चासीला अडतो, हेही लक्षात ठेवावं.

मूळ रूप जपायचं असेल, तर व्ही-बेल्टच ठेवावेत. एक तुटला तरी दुसऱ्यावरची यंत्रं चालू राहतात. एसी आणि मोठा अल्टरनेटर हवा असेल, तर सर्पिल बेल्टचा पूर्ण संच एकाच ठिकाणाहून घ्यावा. दोन्ही बाबतींत सगळ्या पुल्या बसवल्यावर सरळ पट्टी लावावी. 300 मिलिमीटरच्या अंतरात दीड मिलिमीटरहून जास्त फरक दिसला, तर इंजिन सुरू करू नये. सुतळीनं मार्ग मोजून बेल्ट सर्वांत शेवटी विकत घ्यावा.