हार मानणारा मेंदू: एका सिद्धांताची उलटापालट

१९६०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कुत्र्यांवर झालेले प्रयोग आज वाचतानाही जीव कळवळतो. ते करणारे मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर तेव्हा तिथे विद्यार्थी होते. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्याने शेजारची फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, तेवढाच वेळ. फक्त काहीही केलं तरी त्यांच्या हातून ते थांबत नसत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दोन कप्प्यांच्या पेटीत सोडलं. मधला अडसर ओलांडला की सुटका! पहिल्या गटाने उडी मारली. दुसऱ्या गटातले बहुतेक मात्र खाली पडून नुसते विव्हळत राहिले.

१९६७मध्ये त्यांचा निबंध आला आणि ‘शिकलेली हतबलता’ ही संज्ञा रूढ झाली. आपल्या करण्याने काही होत नाही, हे प्राणी शिकतो आणि हातपाय गाळतो, असा तो सिद्धांत. १९७४मध्ये डोनाल्ड हिरोटो यांना माणसांतही हेच दिसलं. झटक्यांऐवजी त्यांनी कर्कश आवाज वापरला होता. मग नैराश्याची चर्चा याच वाटेने पुढे गेली.

पण सगळेच कुत्रे खचले नव्हते. त्यांचं काय?

मायर पुढे मेंदूविज्ञानाकडे वळले आणि कोलोरॅडोत उंदरांवर काम करू लागले. त्यातून जे निघालं त्याने त्यांचाच सिद्धांत उलटा झाला. त्रास लांबला की मेंदूच्या देठातला डॉर्सल राफे हा पेशीपुंज चेततो आणि प्राणी निपचित होतो. हे शिकावं लागत नाही, ते उपजतच असतं. शिकावं लागतं ते नियंत्रण. ‘माझ्यामुळे हे थांबलं’ एवढं कळलं की मेंदूचा पुढचा भाग राफेला आवर घालतो. २००५च्या प्रयोगात हा पुढचा भाग तात्पुरता बंद केला, तेव्हा झटके स्वतः थांबवू शकणारे उंदीरही हतबल झाले. २०१६मध्ये मायर आणि सेलिगमन यांनी मिळून एका निबंधात लिहिलं, की मूळ मांडणी उलटी होती. पन्नास वर्षं नावाजलेलं आपलंच काम असं खोडायला मोठं मन लागतं. खचलेल्या मुलाला ‘आळशी’ म्हणून मोकळं होणाऱ्यांनी तर हा निबंध जरूर वाचावा.

दरम्यान अपेक्षाभंग मेंदूत कुठे नोंदला जातो, याचाही माग लागला होता. २००७मध्ये मात्सुमोतो आणि हिकोसाका या संशोधकांनी माकडांच्या मेंदूतला हाबेन्युला हा भाग टिपला. अपेक्षित बक्षीस हुकलं की तिथल्या पेशी पेटतात आणि डोपामिनच्या पेशी गप्प होतात.

प्रयत्न सोडण्याचा क्षण पकडणारा २०१९चा प्रयोग झेब्राफिश माशाच्या पारदर्शक पिल्लांवरचा. शेपटी हलते, पण पडद्यावरचं दृश्य जागचं हलत नाही, म्हणजे पोहूनही पुढे जात नाही असा भास. पिल्लू आधी जोर वाढवतं, मग थांबतं. फुकट गेलेल्या फटकाऱ्यांचा हिशेब ठेवतात त्या ग्लिया, ज्यांना एकेकाळी न्यूरॉन्सच्या मदतनीस पेशी एवढंच स्थान होतं. त्यांचं काम दाबून टाकलं, तर पिल्लं प्रयत्न सोडायची कमी झाली.