विश्लेषण : गाडीला सिंथेटिक ऑइल खरेच हवे का? घाटातल्या आणि स्टेशनपुरत्या गाडीचे गणित वेगळे

गाडी सर्व्हिसिंगला लावली की गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास येतो : साधे ऑइल टाकायचे की सिंथेटिक? कर्जत-खालापूर परिसरात या प्रश्नाचे उत्तर सर्वांसाठी एकच नाही. एक गाडी दिवसभर नेरळ-माथेरान घाट किंवा बोरघाट चढते. दुसरी सकाळी कर्जत स्थानकाजवळ उभी राहते, ती मालक संध्याकाळच्या लोकलने परत येईपर्यंत. ऑइल दोन्हींचे खराब होते, पण कारणे वेगळी असतात.

दोन्ही ऑइलमध्ये फरक काय?

साधे, म्हणजे मिनरल ऑइल कच्चे खनिज तेल शुद्ध करून मिळवतात. त्यात लहान-मोठ्या आकारांचे रेणू, मेण आणि गंधकाचे अंश राहतात. सिंथेटिक ऑइलचे रेणू रासायनिक प्रक्रियेने घडवलेले आणि बऱ्यापैकी एकसारखे असतात. त्यामुळे ते उष्णतेने कमी उडते, उशिरा घट्ट होते आणि इंजिनात गाळ कमी साचतो. सेमी-सिंथेटिक हे दोन्हींचे मिश्रण.

मात्र ‘सिंथेटिक’ या शब्दावर फार विसंबून चालत नाही. अनेक ‘फुल सिंथेटिक’ ऑइल खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून बनवतात. त्यांना सिंथेटिक म्हणावे का, यावरून अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला होता. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने १९९९ मध्ये कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला.

डब्यावरचे आकडे काय सांगतात?

‘५डब्ल्यू-३०’ मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला होते, २०डब्ल्यू ऑइलची उणे १५ अंशांना. कर्जतची थंडी त्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत गाडी पटकन सुरू होण्याचा फायदा इथे फारसा उपयोगाचा नाही. पुढचा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा दाखवतो. हा दाटपणा किती हवा, हे इंजिन बनवणारी कंपनी ठरवते. घाट आहे म्हणून स्वतःच्या मनाने जाड ऑइल टाकणे नव्या इंजिनांना मानवत नाही.

घाट चढणाऱ्या गाडीला फायदा होतो का?

होतो. माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा रस्ता काही किलोमीटरांतच सुमारे ७०० मीटर उंची गाठतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, पण वेग कमी असल्याने त्याला वारा कमी मिळतो. ऑइल तापते, आणि तापलेले ऑइल लवकर जुने होते. दिवसातून अनेक फेऱ्या करणारी टॅक्सी, टर्बो इंजिनाची गाडी, हवेने थंड होणारी बाइक यांना सिंथेटिकची उष्णता सोसण्याची ताकद कामी येते. टॅक्सीचे इंजिन खोलावे लागले, तर दुरुस्तीच्या खर्चासोबत धंद्याचे दिवसही बुडतात.

स्टेशनपर्यंतच जाणाऱ्या बाइकचे काय?

समजा, घर स्थानकापासून ४ किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन ८ किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे वर्षाला २,४०० किलोमीटर. इंजिन पुरेसे तापण्याआधीच प्रवास संपतो. आत साचलेली वाफ आणि ऑइलमध्ये उतरलेले थोडे पेट्रोल उडून जात नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत हे आणखी वाढते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर बऱ्याचदा ही वाफच कारण असते. तो थर वारंवार दिसत असेल, तर मेकॅनिकला दाखवावे.

पाणी आणि पेट्रोल मिसळलेले ऑइल सिंथेटिक असले, तरी बदलावेच लागते. मॅन्युअलमध्ये ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असे लिहिलेले असते. अशा बाइकची महिन्यांची मुदत आधी संपते. किलोमीटर जास्त मिळावेत म्हणून दिलेले जादा पैसे इथे वसूल होत नाहीत. मॅन्युअलमध्ये मिनरल चालत असेल, तर तेच वेळेवर बदलणे अधिक शहाणपणाचे.

बदल करताना काय तपासावे?

• ग्रेड आणि मानक मॅन्युअलप्रमाणेच हवे. मॅन्युअलने सिंथेटिकच सांगितले असेल, तर तेच टाकावे.

• बहुतेक बाइकमध्ये तेच ऑइल क्लचलाही लागते. त्यामुळे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ मानकाचे ऑइल घ्यावे. कारचे ऑइल टाकल्यास क्लच घसरू शकतो. गिअर नसलेल्या स्कूटरसाठी सहसा ‘एमबी’ मानक असते.

• एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर असेल, तर कमी राखेचे ऑइल लागते.

• ऑइलबरोबर फिल्टरही बदलावा.

• सिंथेटिक टाकल्यावर मॅन्युअलमधली मुदत स्वतःहून वाढवू नये.

एकदा सिंथेटिक टाकले की परत फिरता येत नाही?

मॅन्युअलमध्ये चालत असेल, तर पुन्हा मिनरल टाकता येते. प्रवासात ऑइल कमी पडले, तर त्याच ग्रेडचे आणि मानकाचे दुसरे ऑइल वरून भरणेही चालते. जुन्या इंजिनात सिंथेटिकनंतर गळती दिसली, तर दोष सहसा आधीच कडक झालेल्या सीलचा असतो. गाळ निघून गेल्याने तो उघडा पडतो.

काढलेल्या ऑइलचे काय करायचे?

वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ऑइल उत्पादकांवरही आली आहे. घरी ऑइल बदलणाऱ्यांनी ते गटारात किंवा ओढ्यात ओतू नये. कर्जतचे पाणी उल्हास नदीला मिळते, खोपोली-खालापूरचे पाताळगंगेला, आणि दोन्ही नद्यांचे पाणी पुढची गावे-शहरे पितात. ऑइल झाकणाच्या डब्यात भरून, जिथून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणारे ते उचलतात, अशा सर्व्हिस सेंटरला द्यावे.