मुली, शाळा आणि गाव – ६ : मुखियाच्या दारात

मुलींना लैंगिक शिक्षण द्यावं की नाही, यावर आपल्याकडे अजून वाद घातला जातो. २००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यावरून गदारोळ झाला आणि शाळांतला अभ्यासक्रम गुंडाळला गेला. पण हे शिक्षण मुलींना कुठून ना कुठून मिळतच असतं. ते कोण देतं आणि कुणाच्या सोयीनं देतं, हा खरा प्रश्न. आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या दक्षिणेकडच्या काही मुलींनी तो नेमका पकडला.

तिथल्या काही गावांत मुलगी वयात आली की तिला शिबिराला पाठवण्याची रीत आहे. शिकवणाऱ्या गावातल्याच वडीलधाऱ्या बायका. पुरुषाची मर्जी कशी राखायची, हा तिथला धडा. शुद्धीच्या नावाखाली लैंगिक अत्याचारही होत आले. आणि हे एचआयव्हीनं पोखरलेल्या देशात! तिथल्याच मेमरी बांदा या मुलीची धाकटी बहीण अशा शिबिरानंतर अकराव्या वर्षी गरोदर राहिली, तिचं लग्न लावून दिलं गेलं. मेमरीवर शिबिराला जायची वेळ आली तेव्हा तिनं साफ नकार दिला. तिला हट्टी आणि मूर्ख म्हणणाऱ्या बायकाच होत्या.

पुढे तिनं शाळा सुटलेल्या, लग्न झालेल्या मुलींना लिहाय-वाचायला शिकवायला घेतलं. शिकता शिकता मुली आपापली हकिगत सांगू लागल्या. ‘गर्ल्स एम्पॉवरमेंट नेटवर्क’ ही संस्था पाठीशी होती, पण मुलींनी पहिलं दार ठोठावलं ते गावच्या मुखियाचं. मला यातली समज फार मोलाची वाटते. राजधानीतला कायदा गावात पोहोचायला वर्षं लागतात. रूढी आज थांबवण्याचा अधिकार मुखियाकडे असतो. पुन्हा पुन्हा जाऊन मुलींनी बालविवाहाविरुद्ध गावाचा नियम करून घेतला.

मग मोर्चा संसदेकडे. मुलींकडे साधनं नव्हती, साधे मोबाइल होते. त्यांनी खासदारांचे नंबर मिळवले आणि लग्नाचं वय वाढवणाऱ्या विधेयकाला पाठिंबा द्या, असे मेसेज पाठवले. २०१५ मध्ये लग्नाचं वय १८ ठरलं. तरी पालकांच्या संमतीनं १५ व्या वर्षी लग्नाची वाट राज्यघटनेत उघडी होतीच. ती फेब्रुवारी २०१७ मध्ये घटनादुरुस्तीनं बंद झाली.

मुखियानं मनावर घेतलं तर काय होतं, हे मलावीच्याच देद्झा जिल्ह्यात दिसलं. थेरेसा काचिन्दामोतो या महिला मुखियांनी शेकडो बालविवाह मोडले. ऐकत नसलेल्या हाताखालच्या मुखियांना त्यांनी पदावरून दूर केलं, आणि गावातली लग्नं मोडल्याची खात्री झाल्यावरच परत घेतलं. पण पुढचं काम, मुलींना शाळेत टिकवण्याचं, अधिक चिकाटीचं आहे. प्राथमिक शाळा तिथे १९९४ पासून मोफत असली, तरी वह्या, गणवेश आणि पुढच्या शिक्षणाचा खर्च राहायचाच. आईबापांना झेपत नसेल तिथे काचिन्दामोतो स्वतः पैसे भरत किंवा भरणारा शोधत. लग्न मोडलेली मुलगी घरीच बसली, तर दुसरं स्थळ यायला वेळ लागत नाही.